बसलेल्याच्या डोक्यावरची चुंबळ

पोपट हिवराळेला मागून हाक मारली की तो मान वळवत नाही. आधी पाय वळतात, मग कंबर, मग खांदे, आणि सगळ्यांच्या मागोमाग तोंड येतं. स्मशानभूमीतले सोबती त्यावरून त्याची भरपूर चेष्टा करतात. "काय पोपटराव, रिव्हर्स घेताय का?" असं ऑफिसातला हौसेराव क्लार्क दिवसातून एकदा तरी म्हणतोच. पोपट हसतो. ही मान कोणत्या दिवशी अडकली ते त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि कितीतरी दिवस त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

वय चोपन्न. मूळ गाव जालना जिल्ह्यात, परतूरकडचं. बावीस वर्षांपूर्वी तो नवी मुंबईत आला आणि खाडीकाठच्या एका स्मशानभूमीत कामाला लागला. लाकडं रचायची, जाळ नीट धरतो का बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी नातेवाईक सावडायला आले की राखेतून अस्थी वेचून द्यायच्या. लोकांना वाटतं हे काम आगीचं आहे. आगीला कुणाची गरज नसते, ती आपलं आपण उरकते. काम असतं ते नंतर, हाडांचं.

पोपट सातवी पास. पण माणसाचा कणा त्याला जसा माहीत होता तसा भल्याभल्यांना नसेल. लाकडं नीट रचली असतील तर पाठीचे मणके जाळीवर ओळीनं पडून राहतात, निजवलेल्या माणसासारखेच. पायाकडून डोक्याकडे वेचत जायची रीत, त्यामुळे पोपट कणा खालून वर शिकला. तळाशी माकडहाड, बोटाच्या पेराएवढं, चार बारके मणके एकमेकांत मुरून झालेलं. त्याच्यावर तळहाताएवढं तिकोनी हाड. तेही मुळात पाच मणक्यांचं, पण माणूस वयात येता येता सांधून एक होतं. मग कमरेचे पाच, सगळ्यात जाडजूड, कारण वरचा सगळा भार त्यांच्यावर. मग पाठीचे बारा, दोन्ही अंगांना बरगडी टेकवायची जागा आणि मागं खाली झुकलेलं टोक. मग मानेचे सात. त्यातला सगळ्यात खालचा आपल्याला मानेच्या मुळाशी बोटाला लागतो. सगळ्यात वरचा म्हणजे नुसतं कडं, ज्यावर डोकं टेकलेलं असतं.

आणि कड्याच्या खालचा, वरून दुसरा, हा सगळ्यांत निराळा. त्याला वर एक खुंटी असते. तो तळहातावर उभा ठेवला तर वाटतं कुणीतरी मांडी घालून बसलंय. खुंटी म्हणजे डोकं, बाजूला खांदे, खाली मांडी. पोपट त्याला 'बसलेला' म्हणायचा.

हा बसलेला लोकांना दाखवायची सुरुवात पोपटानंच केली, आणि पुढचं सगळं महाभारत तिथूनच झालं. एकदा एक रिटायर्ड बाई नवऱ्याच्या राखेपुढे उभ्या होत्या. रडत नव्हत्या, बोलत नव्हत्या, कुणाचं ऐकतही नव्हत्या. पोपटाला राहवलं नाही. त्यानं तो मणका पाण्यात धुतला, त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "बघा ताई, साहेब बसलेत." बाईंना रडू फुटलं. त्यांचा मुलगा म्हणाला, काका, तुम्ही आमची आई परत दिलीत. झालं! ही बातमी एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत गेली. वर्षभरात सावडायला येणारे स्वतःहून मागायला लागले. "आमचा बसलेला काढून द्या." कुठल्या पोथीत नाही, पुराणात नाही, पण त्या स्मशानभूमीपुरती ती रीत होऊन बसली.

त्याच्या बायकोला, राजश्रीला, हे मुळीच पसंत नव्हतं. "आपन आत्मा मानत नाही, भूत मानत नाही," ती म्हणायची. "मग लोकांना कशाला नादाला लावता? हाड ते हाड."

"त्यांना बरं वाटतं गं."

"तुमाला कुनाला नाही म्हनता येत नाही, एवढंच आहे ते."

ते मात्र खरं होतं. कुणी ड्यूटी बदलून मागितली तर हो. कुणी वर्गणी मागितली तर हो. शेजाऱ्याचा फ्रिज चौथ्या मजल्यावर चढवायचा तर तेही हो. त्याची मुलगी शर्मिला फिजिओथेरपी शिकते. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं एका सीनियरकडून प्लॅस्टिकचा कणा आणला, पुरा, खऱ्या मापाचा, आणि हॉलच्या खिळ्याला टांगला. त्या रविवारी बापलेकीनं त्याच्यासमोर दोन तास घालवले. ती डोळे झाकायला लावून एकेक मणका हातात देई आणि पोपट नुसता चाचपून सांगे, "कमरेचा तिसरा." "हा पाठीचा, वरून दहावा-अकरावा." एकदाही चुकला नाही. 

पण तिनंही त्याला न दिसलेल्या गोष्टी सांगितल्या. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. पोपटानं ती कधी पाहिली नव्हती, कारण आग पहिल्यांदा तीच नेते. मणक्यांची भोकं एकाखाली एक येऊन नळी होते, आणि तिच्यातून मेंदूचा दोर खाली उतरतो. आणि सगळ्यात वरचे दोन मणके हातात धरून ती म्हणाली, "हे बघा पप्पा. आपण 'हो' म्हणतो ना, तेव्हा डोकं या कड्यावर वर-खाली झुलतं. आणि 'नाही' म्हणतो तेव्हा कडं या खुंटीभोवती फिरतं. तुमचा तो बसलेला."

"म्हणजे नाही म्हणायचं हाड हे?"

"तुमचं कोरंच असंल," राजश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. तिघंही हसले.

त्या हसण्यानंतर महिनाभरानं गंगू कोळीण गेली.

सेक्टर आखले जायच्या आधीपासून खाडीवर असलेल्या गावातली ती बाई. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती वाशीच्या बिल्डिंगी पायाखाली घालत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला तेव्हा पोपटानंच तिच्या मुलांना, हितेशला आणि भावनाला, बसलेला काढून दिला होता. भावनानं लग्न केलं नव्हतं. शेवटची पाच वर्षं आईचं सगळं तिनंच केलं. सावडायच्या सकाळी ती तांब्याचा गडू घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. "काका, बाबांचा दिलेलाव ना, तसा आयचा पन द्या."

पोपट जाळीपाशी गेला आणि वाकून राख बघू लागला. म्हातारीची हाडं आधीच ठिसूळ. त्यात आदल्या संध्याकाळी कुणा शहाण्यानं जाळ विझायच्या आत निखाऱ्यांवर हंडे ओतले होते. तापलेलं हाड पाण्यानं तडकतं. कमरेचे दोन मणके ओळखू येत होते, बाकी सगळा चुरा. त्यानं एकदा चाळलं, दोनदा चाळलं, तिसऱ्यांदा बोटांनी चिवडलं. बसलेला नव्हता.

"सापडला काय, काका?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाईचं वय झालं होतं, हाड टिकलं नाही, असं सांगितलं असतं तर पोरगी रडली असती आणि गप्प झाली असती. पोपट म्हणाला, "आहे, आहे. पाणी घेऊन येतो." आणि मागच्या खोलीत गेला.

त्या खोलीत फळीवर बेवारस मयतांची मडकी ठेवतात. सहा महिने कुणी आलं नाही तर ती एकदमच खाडीत सोडतात. बेवारशाच्या अस्थी वेचा असं कुणी सांगत नाही, पोपट वेचायचा. आदल्या दिवशीचं मडकं सतरा नंबरचं होतं. पोलिसांच्या कागदावर 'अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस, मार्केटच्या फुटपाथवर' एवढंच होतं. पायाची हाडं तळाला, मानेची वर. आणि सगळ्यात वर जे ठेवलं होतं तसं त्यानं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. या माणसाचं कडं आणि बसलेला सुटे नव्हतेच. दोन्ही हाडं एकमेकांत सांधून गेली होती. बसलेल्याच्या डोक्यावर कडं घट्ट, चिरा पडली नव्हती की हलत नव्हतं.

ते त्यानं उचललं, धुतलं, बाहेर नेलं आणि भावनाच्या हातावर ठेवलं.

ती बघतच राहिली. मग एकदम ओरडली, "दादा, बघ! आयची चुंबळ!"

डोक्यावर पाटी ठेवायच्या आधी बायका फडक्याचं वेटोळं करून ठेवतात ती चुंबळ. गंगूच्या डोक्यावरून ती चाळीस वर्षं उतरली नव्हती, आणि आता हाडातसुद्धा ती दिसत होती. हितेश, सहा फुटी गडी, लहान पोरासारखा रडला. दोघांनी वाकून पोपटाच्या पायाला हात लावला. पोपट खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा ती मान उजवीकडे वळेना, डावीकडेही वळेना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मणके स्वच्छ, गादी जागेवर, नस मोकळी. स्नायू आखडलेत म्हणाले, पट्टा दिला, शेक सांगितला. शर्मिलानं रोज व्यायाम करून घेतले. मान वर-खाली छान जायची. आडवी मात्र तसूभर नाही. "पप्पा, तुम्ही घट्ट धरून ठेवता," ती वैतागून म्हणायची. "सोडा ना." कसं सोडायचं ते पोपटाला माहीत नव्हतं.

आणि मग ते मागचं सुरू झालं. झाडताना वाटायचं पाठीशी कुणी उभं आहे. पूर्वी मान वळवून बघितलं असतं आणि विषय संपला असता. आता अख्खं वळायला लागायचं, आणि वळेपर्यंत तिथं कुणी नसायचं. दुपारी, भर उन्हात, माणसं असताना. भूत नसतं, हे पोपटानं लहानपणापासून घोकलेलं होतं आणि त्याचा त्यावर विश्वासही होता. पण नसलेल्याला बघायला तो दिवसातून दहा-दहा वेळा वळत होता. घरी खिळ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या कण्याकडेही त्याला बघवेना. शर्मिला अभ्यास करून जाई आणि त्याची वरची दोन हाडं कधी भिंतीकडे वळलेली असत, कधी दाराकडे. एके दिवशी तो दार उघडून आत आला आणि ती नेमकी त्याच्याकडे वळलेली होती. त्यानं त्यावर टॉवेल टाकला. राजश्रीनं विचारलं तर म्हणाला, धूळ बसते.

सहा महिने झाले. फळीवरची मडकी खाडीत सोडायचा दिवस आला तेव्हा पोपटानं सतरा नंबर मागं सारलं. पुढच्या खेपेलाही सारलं. अर्धा माणूस पाण्यात सोडायला त्याचा हात धजेना. घेतलेलं परत ठेवता येत नव्हतं, आणि ठेवल्याशिवाय त्याला पाठवताही येत नव्हतं. हे कुणाला सांगावं तर नोकरी जाणार, आणि लोकांच्या श्रद्धेशी खेळलेला माणूस म्हणून तोंडावर थुंकतील ते वेगळंच. चौदा महिने पोपट असा जगला.

चौदाव्या महिन्यात, मार्चमधल्या एका दुपारी, गोजराबाई आली.

पंचेचाळिशीची, रापलेली, हातात कापडी पिशवी आणि पोलिसांचा कागद. परभणीकडून आली होती. तिचा धाकटा भाऊ ज्योतिबा सहा वर्षांपूर्वी इकडं आला आणि कांदा मार्केटात पाटी वाहू लागला. अधूनमधून फोन यायचा, तो थांबला. गावाकडच्या एका हमालानं खूप दिवसांनी सांगितलं की तो गेला म्हणतात. मग बाई एकटीच निघाली, चौकशी करत करत पोलिसांच्या फोटोपर्यंत पोचली. फोटोत भाऊ होता.

हौसेरावनं रजिस्टर उघडलं. "सतरा नंबर. अहो, हे तर कधीच सोडलं असेल खाडीत."

"आहे," पोपट म्हणाला.

त्यानं मडकं आणून दिलं. बाईनं ते मांडीवर घेतलं, वरून हात फिरवला, पदरानं धूळ पुसली. मग वर बघून विचारलं, "सगळा हाय ना, भाऊ?"

पोपटाची मान वर-खाली हलली. तेवढीच तिला हलता येत होती.

बाईनं सही ऐवजी अंगठा दिला आणि गेटपाशी पिंपळाखाली जाऊन मडकं फडक्यात बांधायला बसली. पोपट पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेला. का गेला, ते त्याला सांगता आलं नसतं. ती बांधता बांधता स्वतःशीच बोलावं तशी बोलत होती. "मपल्यापेक्षा सात वर्षांनी धाकटा. लहानपनी आंब्याहून डोक्यावर पडला. वाचला, पर मान अवघडली ती अवघडलीच. कुनी हाक मारली का अख्खा वळायचा. पोरं लई हसायची. मला तर गर्दीत बी पाठमोरा वळखू यायचा." तिनं गाठ मारली, वर बघितलं. ऑफिसातून हौसेराव पोपटाला मागून हाका मारत होता, आणि पोपट पायापासून वळत होता. ती थबकली. "अस्साच वळायचा," ती हळूच म्हणाली. "तुमच्यावानीच."

पोपटानं हातातला तांब्या खाली ठेवला. तो तिथंच मातीत बसला आणि म्हणाला, "ताई, सगळा नाही. त्याची मान मी दिलीय दुसऱ्याला."

मग त्यानं सगळं सांगितलं. गंगूबाई, निखाऱ्यांवर ओतलेलं पाणी, भावनाचा गडू, सांधलेलं कडं. एक शब्द राखला नाही. बाई ऐकत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं मडक्याची गाठ घट्ट केली आणि एवढंच म्हणाली, "कुठं हाय ते घर?"

रिक्षात ती मडकं मांडीवर धरून बसली होती. पोपटानं मनाशी ठरवलं होतं, दारात पाऊल टाकताच बोलायचं, चहा-पाण्याच्या आधी. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला थोडं हलकं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. ज्यांच्यापुढं तो हे उघडं करायला निघाला होता त्या हितेश-भावनाचा काही गुन्हा नव्हता.

उंच सोसायट्यांच्या मधोमध ते गाव दाटीवाटीनं उभं आहे. हितेशचं घर तीन मजली, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. हितेश कामावर गेला होता. भावनानं दार उघडलं, पोपटाला बघून तिचा चेहरा फुलला. "काका! या ना." बरोबरची बाई कोण, असं तिनं डोळ्यांनी विचारलं.

"गावाकडच्या आहेत," पोपट म्हणाला. पुढचं वाक्य ओठावर होतं, तेवढ्यात त्याला ते दिसलं.

दाराबाहेर, ओटीच्या भिंतीत, एक कोनाडा होता. त्यात एक जुनी, मासळीच्या पाण्यानं काळपट झालेली फडक्याची चुंबळ, आणि तिच्यावर तो. बसलेला. समोर ताजं जास्वंद.

"अजून सोडला नाही?" पोपटाच्या तोंडून निघालं.

"बाकीचं सगला नाशिकला सोडला. ह्यो नाय सोडवत," भावना म्हणाली. "लोक बोलतात, हाडूक घरात ठेवू नये. म्हनून भायेर कोनाडा केला. दादा पन कामावर जाताना पाया परतो. आय हाय इथं, तेवराच आधार." मग ती कोनाड्याकडं न बघता, आवाज उतरवून बोलू लागली. "पन काका, तुमाला एक इचारायचा होता. आय सपनात येते. पाठमोरी उबी असते. मी हाक मारते, तर ती मान नाय वळवत. अख्खी वळते, अशी, पायापासना. आन् तोंड दिसायच्या आदीच मना जाग येते. आयची मान कवा अशी नव्हती, काका. पाटीखाली सुदा गर्रकन वळायची ती."

ओटीवर ऊन होतं, समोरच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, आणि पोपटाच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं गोजराबाईकडं बघितलं, म्हणजे अख्खं वळून बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मडकं तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"काका," भावना म्हणाली, "खरा सांगा. ही आयच हाय ना?"

हाच तो क्षण होता. यासाठीच तो आला होता. 'नाही' म्हटलं की गोजराबाईचा भाऊ पुरा होणार होता, आणि ही पोरगी चौदा महिने कुणा परक्या पुरुषाच्या मानेला फूल वाहत होती हे तिला याच ओटीवर कळणार होतं. पोपटानं तोंड उघडलं. त्याला गोजराबाईचा हात मनगटावर जाणवला. तिनं त्याला मागं ओढलं आणि स्वतः पुढे झाली.

कोनाड्यासमोर ती उभी राहिली. विचारलं नाही, एक बोट पुढं केलं आणि त्या सांधलेल्या जागेवरून, कड्याच्या आणि बसलेल्याच्या मधून, अलगद फिरवलं. मग जास्वंद थोडं सरळ केलं.

"मपला भाऊ बी पाटीच वाहायचा," ती भावनाला म्हणाली. "मार्केटात. पाच वर्षं फुटपाथावर निजला." तिनं मडकं दुसऱ्या हातावर घेतलं. "पोरी, पुन्यांदा सपनात आली ना, तर मागून हाक मारू नको. त्याला अख्खं वळावं लागतंय. बस म्हन. बस इथंच, निवांत."

भावनाला त्यातलं 'त्याला' ऐकू आलं की नाही, कोण जाणे. ती रडत होती आणि मान हलवत होती. मग तिनं पुन्हा पोपटाकडं बघितलं. उत्तर तिला त्याच्याच तोंडून हवं होतं, बसलेला तिला त्यानंच दिला होता.

पोपटानं मान हलवली. वर-खाली. स्मशानभूमीत हेच त्यानं स्वतःची सुटका करून घ्यायला केलं होतं. आता सुटका समोर होती आणि त्यानं ती जाऊ दिली. त्याला फार वाईट वाटलं, आणि तरीही त्याच्या मानेनं हे पहिल्यांदाच शुद्धीवर राहून केलं होतं.

कळंबोलीला परभणीची गाडी लागेपर्यंत दोघं बाकड्यावर बसले. पोपटाला क्षमा मागायची होती. शेवटी त्यानं विचारलं, "घरी आई आहे ना तुमची? तिला काय सांगाल?"

"ती इचारंल, सगळा आनला का," गोजराबाई म्हणाली. "मी बी मान हलवीन. तुमच्यावानी." गाडी आली. चढायच्या आधी ती थांबली. "भाऊ, तुमच्यावर राग हाय मपला. तो काय जायचा नाही. पर त्याला इकडं कुनी दार उघडलं नव्हतं हो. आता दारात बसलाय, लोक पाया पडून कामाला जातेत. तो काढून मी कुठं ठिवू?" एवढं बोलून ती मडकं घेऊन चढली आणि खिडकीपाशी बसली. गाडी हलली तेव्हा तिनं मागं बघितलं नाही.

दुसऱ्या सकाळी एक कुटुंब सावडायला आलं. थोरल्या सुनेनं नाव काढलंच, "तो बसलेला काढून द्या हां, काका." पोपट म्हणाला, "नाही. ते आता आम्ही देत नाही." हौसेराव रजिस्टरातून वर बघायला लागला. सून नाराज झाली, थोडं पुटपुटली आणि गप्प झाली. एवढंच व्हायचं असतं, हे पोपटाला बावीस वर्षांनी कळलं.

संध्याकाळी तो घरी गेला. प्लॅस्टिकच्या कण्यावरचा टॉवेल काढून त्यानं घडी घातली. शर्मिलानं ते पाहिलं. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, मागं उभं राहून दोन्ही हात मानेवर ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, आज नवीन व्यायाम करू. कॉलेजात शिकवलाय. ह्यानं नक्की सुटेल."

"राहू दे," पोपट म्हणाला.

"का? दुखत नाही का?"

"दुखतं. पण असू दे." त्यानं हात मागं नेऊन तिचे हात अलगद बाजूला केले. "कुणाचीतरी राहिलीय माझ्याकडं."